बरली

१

शनिवारी उत्तराची शाळा सकाळची असे. हुबळीहून कलघटगीला वेळेवर पोचायचं तर उजाडायच्या आधी चहा आणि उजाडता उजाडता गाडी बाहेर, असा त्या घरचा नेम होता. उत्तरा तिथल्या सरकारी शाळेत कन्नड शिकवायची. तिचा नवरा सुधींद्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला होता, आणि बायकोला शाळेत नेणं, ती सुटेपर्यंत तिथंच थांबणं आणि परत आणणं हेच आता त्याचं काम होतं. बस गल्लीच्या तोंडाशीच मिळत होती. पण ते घरात कुणी बोलायचं नाही.

गाडी बाहेर काढणं सोपं नव्हतं. फाटक अरुंद. एका अंगाला विजेचा खांब, दुसऱ्या अंगाला उघडं गटार. गाडी मागं मागं घेत गल्लीत काढावी लागे. उत्तरा पदर खोचून गाडीच्या मागं उभी राही आणि वर्गातल्या आवाजात ओरडे,

"बरली, बरली, बरली... थांबा! नाही नाही, बरली. अय्य, थांबा म्हटलं ना!"

"एक काय ते ठरव!" सुधींद्र खिडकीतून डोकं बाहेर काढून खेकसे. "तुझ्या वर्गातली पोरं पास कशी होतात गं?"

"ती सरळ चालतात म्हणून होतात."

हुबळीत गाडी मागं घेताना सगळे 'बरली'च म्हणतात. घरात मराठी बोलोत की कन्नड, गाडीच्या मागं उभं राहिलं की तोंडातून तोच शब्द निघतो. आणि पुरे झालं की 'साकु', आणि डिकीवर दोन थापा.

सुधींद्रला काचबिंदू होता. दोन्ही बाजूंनी नजर आत आत सरकत आली होती. आता नळीतून बघावं तेवढंच दिसायचं. गाडी बंद करा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ही गोष्ट नवराबायको सोडून कुणालाही ठाऊक नव्हती. बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलीला, सावनीलाही नाही.

"तिला कळलं की ती पहिली गाडी विकेल," सुधींद्र म्हणाला होता. "आणि मी बाबांसारखा बसेन."

त्याचे वडील शेवटची वर्षं आंधळे होऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून होते. उत्तरा त्यांच्यापुढं तळवा धरायची, ते चाचपडत तो पकडायचे, आणि ती त्यांना न्हाणीघरात न्यायची. सुधींद्रनं ते कधी केलं नाही. तो पेपर आडवा धरून बसायचा. मरणाची त्याला फारशी भीती वाटत नसे. तशा हाताची वाटे.

२

म्हणून दोघांनी एक रीत बसवली होती. स्टिअरिंग त्याच्या हातात, डोळे तिचे.

"डावीकडं म्हैस. उजवीकडून दुचाकी येतेय, जाऊ दे तिला. पुढं खड्डा. आता रिकामं."

पावसात तो काचेवर बटाट्याची फोड चोळून घ्यायचा, म्हणजे पाणी थेंब न धरता ओघळून जातं. थंडीत आतून काच धुरकटली की उत्तरा जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची. धुकं असलं तर पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांमागं जायचं, आणि दिवे नसले तर रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर. रेघ त्याला दिसत नसे. उत्तरा खिडकीतून खाली बघत म्हणत राही, "रेघ आहे... रेघ आहे..." देवाचं नाव घ्यावं तसं.

तिनं सांगितलं आणि काही चुकलं नाही, तर तो काही बोलत नसे. चुकलं तर मात्र कलघटगी येईपर्यंत बोले.

"मास्तरीण झालीस, पण उजवं-डावं कळेना."

"तुम्हाला कळतंय तर तुम्हीच बघा की."

एवढं ती म्हणे, आणि पुन्हा रस्ता सांगायला लागे. 

३

थंडी पडायला लागली होती. एका सकाळी उत्तरा कुलूप लावत दारात होती. सुधींद्रनं गाडी चालू करून ठेवली. मागची काच दवानं पांढरी झालेली. आरशात नुसतं दुधासारखं काहीतरी.

"बरली," मागून आवाज आला.

त्यानं रिव्हर्स टाकला.

"बरली... बरली... बरली..." आवाज शांत होता. घाई नाही, गोंधळ नाही. गाडी मागं गेली, फाटकातून निघाली, वळली. "साकु." आणि डिकीवर दोन थापा.

इतक्या सुबकपणे गाडी कित्येक वर्षांत निघाली नव्हती. सुधींद्र खुशीत हसला. काच खाली करून "शाबास गं!" म्हणाला, आणि वळून बघतो तर उत्तरा फाटकाच्या आत उभी. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात डबा.

"एकट्यानं काढलीत?" तिचा चेहरा उतरला होता. "मी येईपर्यंत थांबायचं की हो! गटारात गेली असती म्हणजे?"

"कुणीतरी सांगत होतं मागून."

तिनं गल्लीत दोन्हीकडं बघितलं. गल्लीच्या तोंडाशी यल्लव्वा पालेभाजीची टोपली मांडत होती, तेवढीच.

"कोण?"

"असेल कुणी. दूधवाला असेल. तुझ्यापेक्षा बरं सांगत होता."

४

पुढं ते रोजचं झालं. उत्तरा कुलूप लावेपर्यंत गाडी गल्लीत उभी असे. सुधींद्र मुद्दाम तिच्या आधी जाऊन बसे. तिनं मागं जायची तयारी दाखवली तर म्हणे, "राहू दे, तू आपली केसांत फूल घाल."

आवाज पुरुषाचा की बाईचा, हे त्याला सांगता आलं नसतं. त्यानं विचार केला नाही असं नाही. समोरच्या घराची भिंत उंच आहे, तिच्यावर आपटून कुठलाही आवाज मागून आल्यासारखा वाटतो. नजर गेली की कान तिखट होतात, हे डॉक्टरही म्हणाले होते. कोपऱ्यावर रिक्षा लावणारे दिवसभर एकमेकांना तेच ओरडत असतात. असं सगळं त्यानं मनात नीट मांडून घेतलं, आणि ते पटलंही.

एकदा त्यानं यल्लव्वाला विचारलं, "माझ्या गाडीमागं रोज कोण उभं असतं गं?"

"हिंद यारू इल्लरी, साहेब्र," ती म्हणाली. मग तो मराठी माणूस म्हणून मराठीत, "मागं कोण नसतंय. तुमी एकटेच हसत हसत येताय की."

त्या दिवशी गाडी बाहेर काढताना त्यानं खिडक्या घट्ट बंद ठेवल्या. बाहेरचा आवाज असेल तर बारीक व्हायला हवा.

बारीक झाला नाही.

"साकु." मग दोन थापा. त्याच्या पाठीला सीटमधून त्या जाणवल्या. बाहेरून पत्र्यावर पडलेली थाप खणखणीत वाजते. ही बद्द वाजली. बंद पेटीत कुणी हात आपटावा तशी.

तो उतरला आणि डिकी उघडली. जादा चाक, जॅक, एक जुनी चादर. एवढंच. झाकणाच्या आतल्या बाजूला धुळीचा पातळ थर बसला होता. त्या धुळीत मधोमध दोन जागा पुसल्या गेल्या होत्या. दोन्ही जागा तळव्याएवढ्या होत्या.

उत्तराची चप्पल फाटकाशी वाजली. सुधींद्रनं खिशातला रुमाल काढला आणि झाकण सगळं पुसून टाकलं. ती जवळ आली तेव्हा झाकण लखलखत होतं.

"आज इतकी स्वच्छता?"

"गाडी माझी आहे," तो म्हणाला.

५

परत येताना कधी नव्हे ते त्यानं तिला प्रश्न विचारला.

"बरली म्हणजे 'या'च ना?"

उत्तरा खदखदून हसली. "जन्म हुबळीत गेला तुमचा! 'या' म्हणायचं तर बर्री म्हणतात. बरली म्हणजे 'येऊ दे'."

"एकच की."

"एकच कसं? 'या' मी तुम्हाला म्हणेन. 'येऊ दे' तुम्हाला कसं म्हणेन? ते तुमच्याबद्दल, दुसऱ्या कुणाला तरी म्हणायचं." ती आता वर्गात उभी असल्यासारखी बोलत होती. "समजा तुम्ही दारात आलात आणि शिपाई तुम्हाला अडवतोय. मी आतून म्हणते, बरली. म्हणजे त्याला म्हणते, तुम्हाला नाही."

"मग गाडीमागं उभी राहून तू कुणाला म्हणतेस?"

उत्तरानं त्याच्याकडं वळून बघितलं. "खरंच की. कुणाला म्हणते? सगळे म्हणतात म्हणून म्हणते." मग थोड्या वेळानं, "उजवीकडं ट्रक. जाऊ दे त्याला."

ट्रक गेला.

"तो रोज म्हणणारा," ती हळूच म्हणाली, "तो तुम्हाला नाही म्हणत, हं. जो कुणी वाट अडवून उभा असेल, त्याला म्हणतोय."

"मास्तरीणबाई, पुढं बघा," सुधींद्र म्हणाला. 

त्या दिवसापासून उत्तरानं 'बरली' म्हणणं सोडलं. सांगायची वेळ आली तर ती 'या' म्हणायची. आणि तो नको नको म्हणत असताना गाडीच्या मागं जाऊन उभी राहायची. ती तिथं उभी असली की तो दुसरा आवाज येत नसे. सुधींद्रला त्याचा राग येई.

६

सावनीचा फोन शुक्रवारी संध्याकाळी आला. "बाबा, पुढच्या आठवड्यात येते. तुमच्या डोळ्यांना काय झालंय, ते मला आईकडून नाही, तुमच्याकडून ऐकायचंय."

सुधींद्रनं फोन ठेवला. उत्तरा भाकरी थापत होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं," तिनं परातीतली नजर वर केली नाही. "एखाद्या दिवशी कुणाचं तरी लेकरू चाकाखाली येईल. मला झोप लागत नाही हो."

तो न जेवता जाऊन पडला. शनिवारी चहाही न घेता गाडीपाशी गेला. ती म्हणाली, "आज धुकं फार आहे, बसनं जाते." त्यानं तिच्या बाजूचं दार उघडून धरलं. ती बसली.

शहर सुटलं आणि धुकं भिंतीसारखं उभं राहिलं. त्यानं दिवे खाली केले, खिडकी उघडी ठेवली. वायपर चालत होते, पण पुसायला काचेवर काही नव्हतंच. जे होतं ते पलीकडं होतं.

"रेघ आहे... रेघ आहे..." उत्तरा म्हणत होती. पुढं एका मोरीचं काम चाललं होतं आणि रस्ता मातीवरून वळवला होता. "रेघ आहे... रेघ गेली. थांबा."

गाडी थांबली.

"इथंच थांबू. मी हेडमास्तरांना फोन लावते. ऊन आलं की विरेल."

"मी थांबणार नाही. थांबायला पुढच्या आठवड्यापासून आहेच की. व्हरांड्यात खुर्ची टाक माझी."

"मागून ट्रक आला म्हणजे?"

"म्हणून तर पुढं जायचं."

उत्तरानं डोक्यावरून शाल घेतली आणि दार उघडलं. "मी पुढं चालते. मोबाइलचा दिवा बघा. मी 'या' म्हटलं तरच यायचं." मग तिनं वाकून मागच्या सीटकडं एकदा बघितलं. "दुसरं काही ऐकू नका. ऐकलंत?"

तिनंही ऐकलं असावं, असं त्याला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं. विचारायच्या आत दार लागलं.

दिवा पुढं सरकला. त्याच्या नळीत तो बरोबर मावत होता, एवढासा, हलणारा.

"या... या... या..."

चाकाखाली माती कुरकुरत होती. मग दिवा थांबला.

"थांबा," उत्तरा म्हणाली.

त्यानं क्लच दाबला.

"बरली," आवाज म्हणाला. डिकीतून नव्हे. मागच्या सीटवरून, मानेजवळून.

"थांबा! नाही नाही... थांबा, थांबा म्हटलं ना!"

तीच ती घालमेल. तोच तो रोजचा गोंधळ. वर्षानुवर्षं ऐकलेला. आणि तिनंच काल सावनीला सांगितलं होतं. सुधींद्रच्या डोक्यात सणक गेली.

"एक काय ते ठरव," तो दात खाऊन म्हणाला.

"बरली," मागून शांतपणे आलं. तो आवाज आजवर एकदाही चुकला नव्हता.

त्यानं क्लच सोडला.

त्या वेळी धुकं क्षणभर, वितीएवढं फाटलं. उत्तरा त्याला पाठमोरी दिसली. तिचे दोन्ही हात पसरलेले होते, टाचा मातीत रोवलेल्या. उघडू बघणारं दार पाठीमागच्या माणसासाठी बंद धरून ठेवावं, तशी ती उभी होती. 'थांबा' ती त्याला म्हणत नव्हती. ती पुढं कुणाला तरी म्हणत होती. मोबाइलचा उजेड जिथं पडला होता, तिथलं सगळं त्याच्या नळीत मावलं नाही. एक हात तेवढा दिसला. तिच्या खांद्यावरून, तळवा वर करून, गाडीकडं पुढं केलेला. आंधळ्याला धरून न्यायला करतात तसा.

मग गाडीला धक्का बसला. फार मोठा नव्हता.

"साकु," मागून आवाज आला. आणि दोन थापा.

७

पोलिसांनी विचारलं तेव्हा सुधींद्र म्हणाला, ती पुढं चालत 'बरली, बरली' म्हणत होती, म्हणून मी आलो. फौजदारानं मान हलवली. सगळेच तसं म्हणतात. धुक्यात अंदाज चुकला असेल बाईंचा. भेटायला येणाऱ्यांतही तेच ठरलं, की उत्तराबाईंनी सांगण्यात गोंधळ केला. सुधींद्रनं कुणाचं बोलणं खोडलं नाही.

डोळ्यांचं सावनीनं पोलिसांना सांगितलं नाही. घरी त्याच्याशी ती गरजेपुरतं बोले. उत्तराचे दिवस झाल्यावर एका सकाळी तिनं किल्ली घेतली. "चला, धारवाडला दुसऱ्या डॉक्टरांकडं दाखवू."

सुधींद्र पहिल्यांदाच डाव्या सीटवर बसला. सीट उत्तरानं ठेवली होती तशीच पुढं सरकवलेली होती. गुडघे आपटत होते. पायाशी ते जुन्या धोतराचं फडकं पडलेलं होतं.

बाहेर धुकं होतं. समोरची काच आतून पांढरी होत चालली होती. तिच्यापलीकडं व्हरांडा होता, आणि व्हरांड्यात वडलांची ती खुर्ची.

"मागचं काहीच दिसत नाहीय," सावनी मान वळवून म्हणाली. "तुम्ही उतरून सांगता का?" मग तिला त्याचे डोळे आठवले. काच खाली करून तिनं कान दिला. "थांबा. कुणीतरी आहे मागं. बाई आहे कुणी."

सुधींद्रनंही ऐकलं. त्यानं सावनीकडं बघितलं नाही. तिनं तो आवाज ओळखला नव्हता, कारण आईला इतकं शांत बोलताना तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

"काय म्हणतेय?" त्यानं विचारलं. ऐकलं होतं तरी.

"बरली म्हणतेय. चला, बरं झालं."

सावनीनं रिव्हर्स टाकला. हलवू नकोस, थांब, असं त्याला म्हणायचं होतं. पण ते ओरडायला आता गाडीपुढं कुणी उभं नव्हतं. जी उभी होती ती मागं गेली होती, आणि तिथून सांगत होती.

काचेपलीकडं खुर्चीशेजारी काहीतरी हललं, पुढं केलेल्या तळव्याएवढं. सुधींद्रनं फडकं उचललं, काचेपर्यंत हात नेला, आणि चटकन मागं घेतला. फडकं खाली पडलं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि लहान मुलासारखा त्यांच्यावर दाबून बसला.

"बरली," उत्तरा म्हणाली. "बरली... बरली..."

एकदाही अडखळली नाही.